गॅस होतो म्हणून एकेक पदार्थ सोडत गेलो, आता काय खाऊ?

प्रश्न थोडक्यात असा: वय ६८, बँकेतून निवृत्त, इंदूरला सुदामानगरात नवरा-बायको दोघंच. सहा वर्षांपासून रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी आणि रोज रात्री पोट साफ होण्याचं चूर्ण. गॅस होतो म्हणून आधी राजमा-छोले सोडले, मग तुरीचं वरण, मग दूध, मग काकडी-मुळा. आता दुपारी दोन पोळ्या आणि दुधीची नाहीतर दोडक्याची भाजी, रात्री मऊ खिचडी किंवा चहा-टोस्ट. मुलगा बंगळूरहून प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जंतूंच्या, कॅप्सूल पाठवतो आणि आतड्यातले जंतू तपासायचा किट मागवतो म्हणतो. ‘वर्षभरात वजन ७१ वरून ६५ वर आलं, पोट आत गेलं, तेवढं एक बरं झालं. म्हातारपण धडधाकट जावं म्हणून पोटासाठी आणखी काय सोडू? आणि रविवारचे पोहे-जिलबीही बंद करायची का?’

काका, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट तुम्ही आनंदाची म्हणून लिहिली आहे. वजन. ठरवून काही न करता ७१ चे ६५ होणं म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त घट. तुमच्या वयात सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेतीन किलो, आपोआप उतरलं तरी आम्ही डॉक्टर कान टवकारतो. आहाराचं बोलूच, पण आधी या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडे जा. रक्ताची तपासणी करा: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, किडनी, बी-१२. वर्षभरात शौचाची सवय बदलली असेल, रक्त पडत असेल, हिमोग्लोबिन कमी निघालं किंवा घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, सांगतील. ती टाळू नका. घास गिळताना अडकत असेल तर तेही आपणहून सांगा. ‘मूळव्याध आहे, तिचंच रक्त’ असं स्वतःच ठरवून वर्ष काढलेले लोक मी पाहिलेत. मूळव्याध असतेही, पण ती आहे म्हणून दुसरं काही नाहीच, असं होत नाही.

तपासण्यांत काही निघेल असं मी म्हणत नाही. तुम्ही जे जेवण लिहिलंय, त्याचा नुसता हिशेब मांडला तरी वजन का उतरलं ते दिसतं. सकाळचा चहा आणि दोन टोस्ट, प्रथिनं तीन ग्रॅम. दुपारच्या दोन पोळ्या सात, दुधीची भाजी एखादा, चार घास भात दोन. संध्याकाळी शेव-परमल, म्हणजे शेव-मुरमुरे, असेलच (इंदुरात कुणी न लिहिलं तरी मी ते धरतेच), चार-पाच. रात्रीची खिचडी पातळ आणि तांदूळ जास्त, पाच-सहा. सगळं मिळून २५ च्या आत. ६५ किलोच्या माणसाला आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनं दर किलोला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५४ ग्रॅम लागतात, आणि वय झालेल्या माणसाला किलोला एक ते सव्वा ग्रॅम द्यावं असं अलीकडचे तज्ज्ञ सांगतात. तुम्ही निम्म्यावरही नाही. जे सहा किलो गेले त्यात नुसती चरबी नाही, स्नायूही असणार. पोट आत गेलंय, तशा मांड्याही गेल्या असतील. पँट कंबरेत सैल झाली ते दिसतं, मांडीत सैल झाली ते कुणी बघत नाही.

तुमची खरी अडचण गॅस नाही, तुमचं ताट आकसत चाललंय ही आहे. गेली एकतीस वर्षं मी इंदुरात प्रॅक्टिस करते. साठीच्या पुढची माणसं पोटाची तक्रार घेऊन आली की बहुतेकांची गोष्ट एकच असते. एक पदार्थ बाधला, तो सोडला. चार दिवस बरं वाटलं. मग दुसरा. पाच-सहा वर्षांत ताटात पोळी, दुधी, मऊ भात, चहा, बिस्किटं आणि गोळ्या एवढंच उरतं, आणि पोट तरीही साफ होत नाही. होणार कसं? पोट साफ करणारं जे होतं, तेच तर सोडलंय.

हे मी घरात पाहिलंय, आणि डॉक्टर असून वेळेवर मला दिसलं नाही. माझे वडील आयुष्यभर ज्वारीची भाकरी खाणारे. मालव्यात तेव्हा ज्वारी आणि मका घरोघरी असायचा; पुढे सोयाबीन आलं आणि ज्वारीची शेतं गेली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी भाकरी सोडली. ‘पचत नाही आता.’ मग उसळ गेली, मग पेरू, मग शेंगदाण्याची चटणी. मी पोट तपासलं, सोनोग्राफी केली, गोळ्या बदलल्या. एका सकाळी ते न्हाणीघरात पाय घसरून पडले, खुबा मोडला. ते इस्पितळात असताना त्यांची खोली आवरायला घेतली, तर खिडकीत, पंचांगामागे, स्टीलच्या वाटीत त्यांची खालची कवळी. कोरडी ठक्क, धूळ बसलेली. किती महिने ती तोंडात नव्हती कोण जाणे. हिरडी झिजल्यामुळे ती सैल झाली होती, टोचायची. त्यांना पचत नव्हतं असं काही नव्हतंच, त्यांना चावत नव्हतं, आणि ते सांगायची त्यांना लाज वाटत होती. तेव्हापासून पोटाच्या पेशंटला मी आधी तोंड उघडायला लावते. तुम्हीही आधी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन या. खर्चिक वाटेल, पण कॅप्सूलपेक्षा स्वस्त पडेल.

आता घरच्या घरी एक परीक्षा. जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, काकूंना घड्याळ घेऊन शेजारी उभं करा. दोन्ही हात छातीवर घडी घालून, हाताचा आधार न घेता, पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं. आशियाई तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये जे निकष दिले त्यात १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पायांची ताकद कमी झाली असं धरतात. दुसरं माप पोटरीचं: जिथे सगळ्यात जाड आहे तिथे शिंप्याची टेप लावा. पुरुषांत ३४ सेंटिमीटरच्या खाली, बायकांत ३३ च्या खाली आलं तर सावध व्हायचं. हे दोन आकडे लिहून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा घ्या. मुलगा जंतूंचा किट मागवतोय, त्याला म्हणावं आधी हे आकडे विचार.

गॅसकडे वळू, कारण ते समजल्याशिवाय तुम्ही वरणाला हात लावणार नाही. डाळी-कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडायचं द्रव्य माणसाच्या आतड्यात नसतंच, माझ्याही नाही, तुमच्या नातवाच्याही नाही. त्या न पचता मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जंतू त्यांच्यावर ताव मारतात. त्यातून वायू होतो. पण त्याच खाण्यातून, आणि भाज्या-धान्यांच्या कोंड्यातून, जंतू काही आम्लं तयार करतात. त्यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य अन्न आहे. रक्तातून पेशींना खाऊ मिळतो असं आपण शिकलो, पण या पेशी आपला बराचसा खाऊ अशा आतल्या बाजूनं, जंतूंच्या हातून घेतात. तुम्ही कोंडा आणि कडधान्य बंद केलंत की जंतू उपाशी, काही जातीच नाहीशा होतात, आणि अस्तराचीही आबाळ. मग कधीतरी लग्नात छोले खाल्ले की पोट नगाऱ्यासारखं होतं आणि तुम्ही म्हणता, बघा, मला सोसत नाही. सवय मोडली म्हणून सोसत नाही.

आणि वायू सरणं हा आजार नाही. निरोगी माणसाचा दिवसातून दहा-वीस वेळा वायू सरतो. वरचा गॅस, म्हणजे ढेकरा, ही वेगळीच भानगड. ती बहुतेक गिळलेली हवा असते. भराभर जेवणं, फुर्र करत चहा पिणं, ढेकर यावी म्हणून मुद्दाम हवा गिळणं. ‘गॅस डोक्यात चढला’ हे इंदुरातल्या प्रत्येक ओपीडीत रोज ऐकू येतं. पोटातून डोक्याकडे जाणारी अशी नळी अजून सापडलेली नाही. मात्र एक गोष्ट गंभीरपणे ऐका. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चालताना दम, यातलं काही झालं तर ‘गॅस आहे, सोडा पितो’ म्हणून थांबायचं नाही. आधी ईसीजी. सोड्याच्या पेल्यानं वाया गेलेले तास पुढे कुणाला परत मिळवून देता येत नाहीत.

तर ताट रुंद कसं करायचं? हळू. फार हळू. पहिल्या आठवड्यात फक्त मूग. रात्री भिजवा, आठ-दहा तासांनी ते पाणी फेकून द्या (त्या साखरांचा काही भाग त्यातच जातो), फडक्यात बांधून मोड आणा, ताज्या पाण्यात मऊ शिजवा, हिंग-जिऱ्याची फोडणी. दोन मोठे चमचे, दुपारच्या जेवणात. बस, एवढंच. दुसऱ्या आठवड्यात अर्धी वाटी. मग मसूर, मग तुरीचं वरण, मग मटकी. छोले-राजमा सगळ्यात शेवटी, दोन महिन्यांनी, आणि तेही अर्धी वाटी. पहिले आठ-दहा दिवस पोट गुरगुरेल, थोडं फुगेल. साधारण तीन-चार आठवड्यांत बसतं. घाबरून पाचव्या दिवशी सोडलंत तर पुन्हा पहिल्या पानावर. आणि एक सुचवते, रागावू नका: मूग भिजवायचं, पाणी बदलायचं काम तुम्ही स्वतः करा. काकूही साठीच्या पुढच्या असतील. तुमच्या आहारक्रांतीचा सगळा भार त्यांच्या ओट्यावर नको.

पोळीचंही थोडं बदलता येईल. आपण सोयाबीनच्या राज्यात राहतो. १९८७ पासून सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था आपल्या खंडवा रोडवर आहे, आणि तरी इंदूरच्या मराठी घरांत सोयाबीन म्हटलं की नाकं मुरडतात. नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन दळून आणा. पोळीला वास येत नाही, चव बदलत नाही, प्रथिनं मात्र चांगली वाढतात. अट एकच: कच्चं सोयाबीन दळायचं नाही. त्यात प्रथिनांच्या पचनाला अडवणारी द्रव्यं असतात, ती उष्णतेनं निकामी होतात. म्हणून उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवून, निथळून, कडक उन्हात वाळवून मग गिरणीत. आणि पीठ मैद्याच्या चाळणीनं चाळू नका. तुमच्याकडे कोंडा गाईला जात असेल, तर गाईचं पोट तुमच्यापेक्षा बरं असणार.

आठवड्यातून दोन-तीनदा ज्वारीची भाकरी आणा ताटात. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस: मका आणि दूध, तूप बेताचं, हे आपल्या शहरातलं अतिशय शहाणं खाणं आहे, त्याला चमचमीत पदार्थांच्या रांगेत बसवून आपण अन्याय केलाय. थंडीत गराडूचा कंद तळून खाता, त्याऐवजी उकडून, तव्यावर थोड्या तेलात परतून, वर जिरावन मसाला आणि लिंबू. पेरू, पपई, सालासकट सफरचंद, संत्र्याच्या फोडी चोखून न टाकता पूर्ण. उपासाला साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च, कोंडा नावालाही नाही. दुसऱ्या दिवशी पोट अडतं ते त्यामुळे. राजगिरा किंवा वरई करा, सोबत ताक. शेवेबद्दल एवढंच सांगते की ती भाजीत, पोह्यात, वरणात, परमलमध्ये सगळीकडे पडते आणि दिवसभराचं मीठ कुठल्या कुठे जातं. एका ठिकाणी ठेवा.

एका दिवसाचं चित्र कसं दिसेल, ते सांगते. तंतोतंत पाळायला नव्हे. सकाळी दोन मूगडाळीची धिरडी आणि दही. दुपारी सोयाबीन घातलेल्या दोन पोळ्या, घट्ट वरणाची वाटी, पालेभाजी, ताक. चार वाजता मूठभर फुटाणे. चावत नसतील तर सत्तू ताकात कालवून. रात्री ज्वारीची भाकरी, पिठलं किंवा पन्नास ग्रॅम पनीर घालून केलेली भाजी. झोपायच्या बऱ्याच आधी कपभर दूध. अंडं चालत असेल तर एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, आणि मऊ, चावायला सोपी. बेरीज साठच्या घरात जाते. किडनीच्या तपासणीत तुमचा क्रिएटिनिन वाढलेला निघाला तर मात्र हा हिशेब आपल्या मनानं करायचा नाही, किडनीच्या डॉक्टरांना विचारून.

दूध सोडलंत त्याचं कारण खरं असू शकतं. आपल्याकडे बऱ्याच जणांना मोठेपणी दुधातली साखर नीट पचत नाही. पण त्यातही कपभर दूध, जेवणासोबत घेतलं तर, बहुतेकांना सोसतं, आणि दह्यात ती साखर बरीच खर्ची पडलेली असते. दही-ताक सोडायचं काही कारण नाही.

दह्यावरून कॅप्सूलकडे येते. आंबवलेल्या दुधानं म्हातारपण लांबतं ही कल्पना जुनी आहे. मेचनिकोव्ह नावाचे रशियन शास्त्रज्ञ, १९०८ चे नोबेल मानकरी, बल्गेरियातल्या दीर्घायुषी शेतकऱ्यांच्या दह्यामागे लागले आणि स्वतः नेमानं आंबट दूध पीत राहिले. ते ७१ व्या वर्षी गेले. हे सांगून मी दह्याची चेष्टा करत नाही. रोज वाटीभर खाते. पण एकाच पदार्थाच्या खांद्यावर आयुष्य ठेवू नये. २०२१ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या मंडळींनी ३६ जणांना दहा आठवडे दोन वेगळ्या तऱ्हांनी खाऊ घातलं. आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जंतूंची विविधता वाढली. अभ्यास छोटा, माणसं निरोगी, तेव्हा त्यावर इमले बांधायला नकोत, पण ताजं घरचं ताक, नाचणीची आंबील, थंडीत काळ्या गाजराची कांजी यांना मी मनापासून हो म्हणेन. इडली-ढोकळा उकडताना जंतू मरतात, कढीतही. ते पदार्थ चांगलेच आहेत, फक्त जिवंत जंतूंच्या खात्यात धरू नका.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०१२ मध्ये आलेला आयर्लंडचा अभ्यास. १७८ वृद्धांचं आतडं आणि आहार तपासला. आपापल्या घरी राहून निरनिराळं खाणाऱ्यांचे जंतू विविध होते. कायमचे शुश्रूषागृहात राहून तेच तेच मऊ खाणाऱ्यांचे कमी, आणि तीच माणसं जास्त अशक्त. आहार आधी बदलतो, जंतू सावकाश त्याच्यामागून जातात. ते वाचताना मला आपल्या सुदामानगर-लोकमान्यनगरातली स्वयंपाकघरं आठवली. मुलं पुण्या-बंगळूरला, घरात दोघंच. ‘दोघांसाठी कशाला एवढं करायचं’ म्हणून रात्री चहा-टोस्ट. शुश्रूषागृहात न जाताच त्याचं ताट आपण घरी आणलंय.

कॅप्सूल विषारी नाहीत. अँटिबायोटिकसोबत किंवा विशिष्ट आजारांत, विशिष्ट जातीचे जंतू उपयोगी पडतात. पण धडधाकट माणसानं ‘पोटासाठी’ रोज घ्यावी असा पुरावा नाही; अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०२० मध्ये बहुतेक पचनविकारांसाठी त्यांची शिफारस करायला नकार दिला. जंतू पाठवायचे आणि त्यांना खायला काही द्यायचं नाही, हे पाहुणे बोलावून चूल न पेटवण्यासारखं आहे. किटचंही तसंच: रिपोर्ट रंगीत येईल, पण ‘नॉर्मल’ आतडं म्हणजे कुठले जंतू किती, याचं ठरलेलं माप आज कुणाकडे नाही, मग त्यावरून औषध काय देणार? मुलाला म्हणावं, त्या पैशात दिवाळीला चार दिवस जास्त राहायला ये. तो आला की रात्री चहा-टोस्ट होणार नाही.

आता गोळी. पॅन्टोप्राझोल चांगलं औषध आहे, पण सहा वर्षं कशासाठी चालू आहे हे तुम्हाला माहीत नाही, आणि बहुधा ज्यांनी लिहून दिलं त्यांनाही आता आठवणार नाही. आम्ही डॉक्टर सुरू करतो तेवढ्या उत्साहानं बंद करत नाही, हा आमचा दोष. फार वर्षं आम्ल दाबलं की अन्नातलं बी-१२ सुटायला अडचण येते. शाकाहारी माणसाकडे ते आधीच तुटपुंजं, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन असेल तर आणखी घट. तळपायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसराळूपणा हे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो आणि निघतं बी-१२. मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आतड्याच्या काही संसर्गांचा धोका वाढतो. पण उद्यापासून गोळी फेकू नका. एकदम थांबवली की दाबून ठेवलेलं आम्ल काही आठवडे उसळी मारतं, आणि माणूस म्हणतो, बघा, गोळीशिवाय जमतच नाही. आधी डोस निम्मा, मग एक दिवसाआड, मग जळजळ झाली तरच, असं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तुम्ही अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारं दुसरं काही घेत असाल, कधी अल्सरमधून रक्त गेलं असेल, तर ही गोळी ढाल म्हणून दिलेली असू शकते. ती विचारल्याशिवाय हलवायची नाही.

चूर्णाच्या डब्यावर बारीक अक्षरात सोनामुखी आहे का बघा. बहुतेक ‘पोट साफ’ चूर्णांत असते. ती आतड्याला चिमटे काढून ढकलते. अधूनमधून ठीक, वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांचं आतडं दुर्बिणीतून पाहिलं की गुलाबी अस्तरावर काळपट-तपकिरी ठिपक्यांची नक्षी दिसते, बिबट्याच्या कातड्यासारखी. तो कॅन्सर नव्हे, बंद केल्यावर काही महिन्यांत फिकी होते, पण पाहिल्यावर माणूस चूर्णाचा डबा पुन्हा उघडत नाही. त्याऐवजी इसबगोल; नीमच-मंदसौर आपल्या शेजारीच पिकवतात. एक ते दोन चमचे, पूर्ण पेलाभर पाण्यात, घट्ट व्हायच्या आत प्यायचं, वर आणखी एक पेला पाणी. कोरडं तोंडात टाकायचं नाही, घशात अडकतं. अंथरुणात पडता पडताही नको. थायरॉइडची किंवा दुसरी गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर. त्याचं विशेष म्हणजे जंतू त्याला फारसं फोडत नाहीत, म्हणून गॅस कमी, पण पाणी धरून मळ मऊ ठेवतं. चूर्ण एकदम न सोडता आधी इसबगोल आठवडाभर चालू करा आणि मग चूर्ण एक दिवसाआड करत आणा.

आणि मुळात रोज झालंच पाहिजे हा हट्ट सोडा. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, त्रास न होता, हे सगळं नॉर्मलमध्ये मोडतं. न्याहारीनंतर अर्ध्या तासात मोठं आतडं आपणहून हलतं, ती वेळ साधा. गुडघ्यांमुळे कमोड वापरत असाल तर पायाखाली देवघरातला नव्हे, जुना जेवणाचा पाट ठेवा, वीतभर उंच. गुडघे कंबरेच्या वर आले की आतली वाट सरळ होते, आपल्या जुन्या बैठकीसारखी. मोबाइल बाहेर. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या, काही दुखण्यावरच्या आणि झोपेच्या गोळ्यांनीही पोट अडतं, तेव्हा गोळ्यांची सगळी पिशवी डॉक्टरांसमोर ओता. पाण्याची तहान या वयात कमी लागते. तहानेची वाट न बघता प्या.

चालण्याचं तुम्ही लिहिलंच नाहीत, म्हणजे चालत नसाल. रात्री साडेनऊला जेवून मालिका संपली की आडवं होता, हे मी गृहीत धरते. जेवण साडेसातला आणा. आपल्या शहरात सराफा, ती रात्रीची खाऊगल्ली, त्यानंतर दोन तासांनी जागा होतो हे मला ठाऊक आहे, पण सराफ्याला नातवांना घेऊन कधीमधी जावं. जेवण आणि झोप यांत किमान अडीच-तीन तास गेले तर निम्म्या लोकांना रात्रीच्या गोळीची गरज राहत नाही, असा माझा अनुभव. घशाशी येत असेल तर उश्या न वाढवता पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन विटा. शतपावली खरोखर करा, फक्त शंभर पावलांवर थांबू नका, दहा-पंधरा मिनिटं गल्लीत फिरा; जेवणानंतरची साखर त्यानं नीट खाली राहते. सकाळी मोकळ्या हवेत अर्धा तास वेगळा. शिवाय आठवड्यातून दोनदा तरी पायांचा व्यायाम: तीच खुर्ची, तेच उठणं-बसणं, दहा-दहाच्या दोन फेऱ्या. वाढवलेली प्रथिनं नुसती खाऊन स्नायूत जात नाहीत. पायांनी ती मागावी लागतात.

राहिले रविवारचे पोहे-जिलबी. बंद नाही करायचे. तपासण्या झाल्या, साखर ठीक असली, की उसळ-पोहे सांगा, मोड आलेल्या मटकीची उसळ वर ओतलेले. नुसत्या पोह्यांत प्रथिनं फारशी नसतात, ती उणीव तिथेच भरून निघते. मटकी सुरू करायचा तुमचा आठवडा चौथा-पाचवा असेल, तेव्हा तोवर साधे पोहे, शेव कमी, लिंबू जास्त. जिलबीचं एक वेढं काकूंबरोबर अर्धं अर्धं. आणि दुकानापर्यंत चालत जा.